पंचगंगेचा पूर आणि आपली तयारी

श्रोतेहो, आषाढ सरून श्रावण लागला, घाटमाथ्यावर ढगांची दाटी झाली, कीं कोल्हापुरांत एकच प्रश्न घरोघरीं ऐकूं येऊं लागतो : "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालें?" भाजीवाली विचारते, शाळेंतला मुलगा विचारतो, दुकान बंद करतां करतां व्यापारी विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आंकडे इकडे पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. एखाद्या शहराला आपल्या नदीची उंची इतकी तोंडपाठ असावी, ही गोष्ट कौतुकाची खरी. पण आंकडा ठाऊक असणें निराळें, आणि त्या आंकड्यावर कोणीं काय करावयाचें हें ठरलेलें असणें निराळें. या दोहोंमधील अंतर किती, आणि मागल्या शंभर-सव्वाशें वर्षांत तें किती कमी झालें, याचा थोडासा हिशेब आज आपणांपुढें मांडावा असा माझा विचार आहे.

प्रथम नदीचा स्वभाव पाहूं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीवरून उतरतात. पांचवी सरस्वती गुप्त आहे असें श्रद्धेनें मानलें जातें. प्रयाग चिखलीच्या संगमाशीं या सगळ्या एकत्र आल्या, म्हणजे पंचगंगा झाली. गगनबावड्याच्या बाजूस वर्षाकांठीं सुमारें दोनशें इंच पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्यांत वीस-पंचवीस इंचांवर समाधान मानावें लागतें. म्हणून शिरोळच्या शेतकऱ्यावर असा प्रसंग येतो कीं, डोक्यावर आभाळ निरभ्र असतांना पायांखालीं पाणी चढूं लागतें. पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाहि त्या वेळीं भरलेली असली, म्हणजे धाकट्या बहिणीला दार उघडें मिळत नाहीं. पाणी मागें फुगतें आणि तो फुगवटा वरच्या गांवांच्या शिवारांत पसरतो. या नदीचा पूर एकाएकीं कोसळत नाहीं. पायरी पायरीनें चढतो आणि फार सावकाश उतरतो. तयारीच्या दृष्टीनें हा तिचा मोठाच उपकार होय. भूकंप सवड देत नाहीं. पंचगंगा बहुधा एक-दोन दिवसांची तरी सवड देते. त्या सवडीचें आपण काय करतों, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचें एक उत्तर जमिनीच्या निवडीनें दिलें होतें. नदीकांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४५-४६ सालीं डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीच्या खुणा उजेडांत आल्या. त्याच टेकडीवर त्यापूर्वीं थोडेच दिवस ब्राँझच्या वस्तूंचा सांठा मिळाला होता, आणि त्यांत ग्रीकांच्या पोसायडन या देवाची एक लहानशी मूर्ति होती. ती आज येथील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. पोसायडन हा पाण्याचा आणि धरणीकंपाचा देव. दूर समुद्रापलीकडचा हा आपत्तीचा स्वामी व्यापाराच्या वाटेनें येऊन पंचगंगेकांठीं विसांवला, हा योगायोग मोठा गमतीचा. पण आपल्या विषयापुरतें महत्त्व मूर्तीचें नाहीं, टेकडीचें आहे. दोन हजार वर्षांपूर्वींचा माणूस पाण्याजवळ राहिला, तरी उंचावर राहिला.

दुसरें उत्तर नरसोबाच्या वाडीस पाहावयास मिळतें. पुराचें पाणी मंदिरांत शिरून श्रीदत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारानें बाहेर पडूं लागलें, म्हणजे त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि भाविक त्या पाण्यांत स्नान करतात. पाणी आणखी चढलें कीं उत्सवमूर्ति वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात आणि पूजाअर्चा तेथें चालूं राहते. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवून याकडे पाहा. पाण्याची खूण ठरलेली आहे, त्या खुणेवर करावयाचें काम ठरलेलें आहे, जावयाची जागा ठरलेली आहे, आणि करणारे हातहि ठरलेले आहेत. कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं. आपत्तीच्या तयारीची याहून सुटसुटीत व्याख्या मला तरी सुचत नाहीं. अर्थात् पूर्वीचें सगळेंच चांगलें होतें असें मला म्हणावयाचें नाहीं. नदीकांठचीं कुळवाड्यांचीं मातीचीं घरें तेव्हांहि पडत होतीं, आणि त्यांची नोंद ठेवण्याचें अगत्य क्वचितच कोणास वाटे. देवाची सोय ठरलेली होती, कुणब्याची नव्हती.

कुणब्याची सोय राज्यकर्त्यानें करावयाची असते, हा विचार कोल्हापुरांत कृतींत उतरला तो पुराच्या निमित्तानें नव्हे, दुष्काळाच्या निमित्तानें. २ एप्रिल १८९४ रोजीं राजर्षि शाहू महाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला आणि दोनच वर्षांत, १८९६-९७ चा दुष्काळ येऊन ठेपला. महाराज स्वतः गांवोगांव हिंडले. स्वस्त धान्याचीं दुकानें निघालीं, जनावरांसाठीं छावण्या उघडल्या, रस्ते आणि विहिरी यांचीं कामें काढलीं, आणि त्या कामांवर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठीं संगोपनाची सोय झाली. पाठोपाठ प्लेग आला, तेव्हां वस्ती हलवून लोकांना गांवाबाहेर झोंपड्यांत नेण्याची पाळी आली.

या काळीं इंग्रजी मुलखांत दुष्काळ-संहिता लागू होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर कमिशन बसलें, त्याचा अहवाल १८८० सालीं आला, आणि त्यावरून पुढील कांहीं वर्षांत प्रांतोप्रांतीं या संहिता तयार झाल्या. त्यांत सरकारी कंजुषी भरपूर होती; मजुरीचे दर माणूस जेमतेम जगेल एवढेच असत. तरी एक शहाणपण त्यांत होतें. धान्याचे भाव चढूं लागले, लोक कामासाठीं गांव सोडून भटकूं लागले, कीं हीं चिन्हें ओळखून अधिकाऱ्यानें ठरलेलीं पावलें टाकावीं, असा दंडक त्यांत घालून दिला होता. माणसें मरूं लागल्यावर हालचाल करावयाची नाहीं. चिन्ह दिसतांच करावयाची. बंधाऱ्यावरचे ३९ आणि ४३ फूट हीं त्याच जातीचीं चिन्हें आहेत. फरक इतकाच कीं, दुष्काळ महिन्यांच्या मापानें येतो आणि पूर तासांच्या.

दुष्काळाच्या अनुभवांतूनच राधानगरीचें धरण जन्मास आलें. १९०९ च्या सुमारास महाराजांनीं हें काम सुरूं केलें; मध्यें तें पैशाअभावीं रखडलें आणि स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. सुमारें ८.३६ अब्ज घनफूट पाणी सांठविणाऱ्या या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला कीं ते पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात आणि प्रत्येकांतून सुमारें १४२८ घनफूट पाणी दर सेकंदास बाहेर पडतें. हे दरवाजे उघडले, म्हणजे खालच्या गांवांत धाकधूक सुरूं होते. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हें धरण दुष्काळाचें औषध म्हणून बांधलें गेलें. पुराचें औषध म्हणून नव्हे. शेतकऱ्याला तलाव भरलेला हवा असतो, आणि पूर अडवावयाचा तर तोच तलाव रिकामा हवा. एकाच भांड्यानें दोन्ही कामें करावयाचीं तर पावसाचा अंदाज आणि पाणी सोडण्याचा क्रम फार काटेकोरपणें बांधावा लागतो. एका आपत्तीसाठीं केलेली तयारी दुसऱ्या आपत्तींत अपुरी पडते, हा धडा त्यांत आहे.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा या बाबतींतला इतिहास पाहिला, तर तो एका ठराविक रीतीनें चाललेला दिसतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें आणि पुणें वाहून गेलें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत हजारों माणसें दगडी घरांखालीं गाडलीं गेलीं. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्यानें जो पुनर्वसनाचा कार्यक्रम निघाला, त्यांत प्रथमच जिल्हावार आपत्ति-आराखडे आणि नियंत्रण कक्ष यांचा पद्धतशीर विचार झाला. डिसेंबर २००५ मध्यें देशाचा आपत्ति-व्यवस्थापन कायदा झाला, तो २००४ च्या त्सुनामीनंतर. प्रत्येक वेळीं घाव पडला आणि मग ढाल घडविली गेली. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. हॉलंडसारख्या पाण्याशीं शतकानुशतकें झुंजणाऱ्या देशानेंहि आपली प्रचंड बंधाऱ्यांची योजना हातीं घेतली, ती १९५३ च्या पुरांत सुमारें अठराशें माणसें बुडाल्यावरच. प्रश्न ढाल केव्हां घडविली हा नाहीं. पुढच्या घावाला ती पुरी पडली काय, हा आहे.

तो घाव कोल्हापुरावर पडत गेला. १९८९ सालीं मोठा पूर आला. २००५ सालीं बंधाऱ्यावर पाणी पन्नास फुटांच्या आसपास गेलें, आणि लोकांनीं मनाशीं ठरविलें कीं, ही परमावधि. याच्यावर पाणी जाणार नाहीं. भिंतींवर खुणा झाल्या. दुकानदारांनीं माल त्या खुणेच्या वर ठेवण्याची दक्षता घेतली. आणि ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें! ज्यांनीं २००५ ची आठवण हीच आपली तयारी मानली होती, त्यांचा माल भिजला. कित्येक कुटुंबें "मागच्या वेळीं पायरीपर्यंतच आलें होतें" या भरंवशावर घरांत बसून राहिलीं आणि मग माडीवरून बोटीनें त्यांना काढावें लागलें. आठवण ही चांगली शिक्षिका खरी, पण तिला पाहिलेल्यापलीकडचें सांगतां येत नाहीं.

त्या पुरांत आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी कीं, चोहोंकडे पाणी असतांना शहरास पिण्याचें पाणी मिळेना. कारण ज्या उपसा केंद्रांतून तें येतें, तीं नदीकांठचीं केंद्रेंच बुडालीं होतीं. दुसरी अशी कीं, पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद पडला, आणि दूध, इंधन, औषधें यांची वाट अडली. मदत ज्या रस्त्यानें यावयाची, तोच रस्ता पुराचा पहिला बळी ठरला. शेजारच्या सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट रोजीं पूरग्रस्तांनीं खच्चून भरलेली होडी उलटली आणि पंधराहून अधिक जीव गेले. आराखड्याच्या कागदावर होडी ही एक संख्या असते. ती किती माणसें पेलते, ती चालविणारा कोण, अंगावर घालावयाचीं जाकिटें आहेत काय, आणि "आतां पुरे, पुढच्या खेपेस या" असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे, या चार गोष्टी मिळून होडी होते.

दोनच वर्षांनीं, २२ आणि २३ जुलै २०२१ ला घाटावर असा पाऊस कोसळला कीं पाणी २०१९ च्याहि वर, ५६ फुटांवर गेलें. महामार्ग पुन्हां बंद पडला. पण २०१९ ची आठवण ताजी होती. पुष्कळ गांवांतील लोक जनावरांसह वेळेवर बाहेर पडले. म्हणजे दोन वर्षांत माणूस शिकला. रस्ता मात्र शिकला नाहीं, आणि उपसा केंद्रांचें दुखणेंहि सरलें नाहीं. माझ्या मतें या दोन पुरांच्या तुलनेंत आपल्या साऱ्या तयारीचें गुणपत्रक आहे.

मग तयारीचें मोजमाप करावयाचें तरी कसें? सामान्यतः बोटी किती घेतल्या, रंगीत तालमी किती झाल्या, आराखड्याचीं पानें किती, हें मोजलें जातें. तें सोपें आहे म्हणून मोजलें जातें. मला तीन माणें सुचवावयाचीं आहेत. पहिलें माप जिवाचें : पाणी दाराशीं येण्याआधीं किती माणसें बाहेर पडलीं आणि आल्यानंतर किती काढावीं लागलीं? ओरिसाचें उदाहरण येथें बोलकें आहे. १९९९ च्या महावादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. २०१३ सालीं तशाच जोराचें वादळ आलें, तेव्हां दहा लाखांच्या आसपास लोकांना आधींच हलविलें गेलें आणि बळींची संख्या काहीं दशकांवर राहिली. वारा तोच, समुद्र तोच. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गांवचीं पथकें तयार झालीं आणि इशाऱ्यावर लोकांचा विश्वास बसला.

दुसरें माप जीविताच्या साधनांचें : पुरांत पाणी, वीज, दवाखाना आणि एक तरी रस्ता चालूं राहिला काय? तिसरें आणि सर्वांत कठोर माप असें : पुढच्या पुराला तेंच घर त्याच जागीं सांपडलें काय? पहिल्या मापावर आपण कांहीं गुण मिळविले आहेत. दुसऱ्यावर थोडे. तिसऱ्यावर, प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, आपण जवळजवळ नापास आहों.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडी हीं गांवें याची साक्ष देतात. १९८९ च्या पुरानंतर तेथील लोकांसाठीं सोनतळी येथें उंचावर जागा देण्यांत आली. तीस वर्षांनींहि जुन्या गांवठाणांत वस्ती होती आणि २०१९ सालीं तीच घरें बुडालीं. शहरांतले लोक हें ऐकून चटकन म्हणतात, "जागा दिली तरी हालत नाहींत, मग दोष कोणाचा?" असें म्हणणें सोपें आहे. पण कुणब्याचें घर म्हणजे केवळ निजावयाची जागा नव्हे. गोठा, वैरणीची गंज, शेताची जवळीक, पहांटेची धार आणि दूध घालावयाची वेळ हें सगळें त्या घराला बांधलेलें असतें. घराचा तुकडा वर आणि गोठा-रान खालीं, अशी वांटणी झाली, कीं माणूस दोन घरचा पाहुणा होतो. शिवाय घरांतलीं माणसें वाढतात. एका भावापुरता मिळालेला भूखंड तीन भावांना पुरत नाहीं. ज्या पुनर्वसनांत गोठ्याचा विचार नाहीं, तें कागदावर पुरें होतें आणि गांवांत अपुरें राहतें.

आणि दोष एकट्या खेड्याचा नाहींच. शहरानें काय केलें? नदीकांठच्या निळ्या रेषेच्या आंत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराच्या कक्षेंत, बांधकामास मनाई असते. लाल रेषेपर्यंत, म्हणजे शतकांतून एकदां येणाऱ्या पुराच्या कक्षेपर्यंत, निर्बंध असतात. तरीहि भराव पडले, इमारती उठल्या, ओढे आक्रसले. जयंती नाल्याच्या आजूबाजूस दर मोठ्या पुरांत पाणी कां शिरतें, हें विचारावयास दूर जावें लागत नाहीं. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनेंहि अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रांतील अतिक्रमणांवर बोट ठेवलें, आणि आलमट्टीच्या फुगवट्यास मुख्य कारण मानलें नाहीं. आलमट्टीचा वाद अजून मिटलेला नाहीं. २०१० सालीं दुसऱ्या कृष्णा लवादानें त्या धरणाची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमति दिली आणि तेव्हांपासून या भागांत तिला विरोध आहे. लोकांची ही भीति उगाच नव्हे. दोन राज्यांनीं पाणी सोडण्याच्या वेळा एकमेकांस कळवीत राहावें, हें हवेंच. पण परक्या धरणाकडे बोट दाखविणारा हात आपल्या अंगणांतला भरावहि उकरावयास लागला पाहिजे.

श्रोतेहो, शेवटीं तीन साध्या गोष्टी सुचवून हें भाषण पुरें करतों. पहिली, प्रत्येक पूरग्रस्त गांवीं चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा दगडांत कोराव्या, आणि त्यांच्या वर हातभर मोकळी जागा ठेवावी. ती मोकळी जागा पुढच्या पुराची आहे, हें मुलांना सांगावें. दुसरी, पूर ओसरल्यावर महिन्याभरांत, चिखल वाळण्याआधीं, गांवानें ग्रामसभेंत बसून हिशेब लिहावा : इशारा केव्हां मिळाला, कोण केव्हां निघालें, कोण कां राहिलें, जनावरें कोठें नेलीं, होडी किती वेळानें आली. तो कागद पुढच्या मे महिन्यांत, रोहिणी निघण्यापूर्वीं, पुन्हां मोठ्यानें वाचावा. आराखडा जिल्ह्याच्या कचेरींत लिहिला जातो; त्याची परीक्षा गांवांत होते, आणि परीक्षकहि गांवानेंच असावें. तिसरी, घर उंचावर न्यावयाचें असेल तर त्याबरोबर गोठाहि न्यावा.

पंचगंगेकांठीं राहावयाचें तर पूर हा पाहुणा येणारच. वाडीच्या देवाला तो आला कीं कोठें जावयाचें हें ठाऊक आहे. तेवढी निश्चिति चिखलीच्या म्हाताऱ्या बाईला ज्या दिवशीं लाभेल, त्या दिवशीं आपली तयारी पुरी झाली असें मी म्हणेन. तोंवर बंधाऱ्यावरचा आंकडा आपण विचारीत राहूं, पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नहि विचारावयास शिकूं : "एवढे फूट झालें, मग आपण आतां काय करावयाचें ठरलें आहे?"